तलवार निळीच होती

'स्टार वॉर्स' मालिकेतल्या पहिल्या चित्रपटात एक लहानसा प्रसंग आहे. अंतराळयानात ल्यूक नावाचा तरुण डोळ्यांवर झापड असलेलं शिरस्त्राण चढवतो आणि हवेत तरंगणाऱ्या एका यंत्राशी तलवारीचा सराव करतो. तलवारीचं पातं प्रकाशाचं, रंगानं निळसर. १९७७च्या मे महिन्यात चित्रपट लागला तेव्हापासून जगभरच्या प्रेक्षकांनी ते तसंच पाहिलं होतं. २००४ साली याच चित्रपटाची अधिकृत डीव्हीडी बाजारात आली आणि तेच पातं हिरवट दिसू लागलं. खलनायक डार्थ व्हेडरच्या हातातलं लाल पातं काही ठिकाणी गुलाबी झालं. काळोख जास्त गडद झाला, रंग जास्त भडक.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांना यात काय बिघडलं असं वाटेल. पण या कथेत निळी तलवार ल्यूकच्या वडिलांची आहे. ती तो गमावतो, आणि १९८३च्या तिसऱ्या चित्रपटात स्वतःच्या हातानं घडवलेली नवी तलवार घेऊन येतो. ती हिरवी असते. मुलगा मोठा झाला हे सांगायला तिथे संवादाची गरज पडत नाही, पात्याचा रंगच ते सांगतो. पहिल्याच चित्रपटात हिरवं पातं दिसलं, तर तो सगळा अर्थ वाया जातो.

चाहत्यांनी तक्रारी केल्या, आणि त्यातले काही जण तक्रारीवर थांबले नाहीत. त्यांनी चित्रपटाच्या जुन्या प्रिंट शोधल्या, पदरचे पैसे घालून विकत घेतल्या, स्कॅन केल्या, धुळीचे डाग पुसले आणि १९७७ साली पडद्यावर जे रंग दिसले ते परत आणायचं काम हाती घेतलं. गेल्या पंधराएक वर्षांत या उद्योगाला शिस्त आली आहे. त्यातून एक प्रश्नही ठळकपणे पुढे आला आहे: जुन्या चित्रपटाचा मूळ रंग नेमका कुठे सापडतो?

निगेटिव्हमध्ये, असं उत्तर चटकन सुचतं. ते पुरं नाही. निगेटिव्हवरून प्रिंट काढताना लॅबमधला रंगतज्ज्ञ प्रत्येक शॉटसाठी लाल, हिरवा आणि निळा प्रकाश किती सोडायचा ते ठरवत असे. छायालेखक आणि दिग्दर्शक त्याच्या शेजारी बसून सूचना देत. भर दुपारी घेतलेला शॉट या टप्प्यावर संध्याकाळचा होऊ शकत असे, चेहऱ्यावरचा पिवळेपणा काढता येत असे. हे सगळे निर्णय निगेटिव्हवर दिसत नाहीत, ते प्रिंटवर उमटतात. चित्रपटगृहात प्रेक्षकानं पाहिलेला रंग हा प्रिंटचा रंग होता.

आणि प्रिंटचे रंग उडतात.

१९५०मध्ये ईस्टमन कोडॅक कंपनीनं एकाच पट्टीवर तिन्ही रंग टिपणारी फिल्म आणली आणि रंगीत चित्रपट जगभर परवडू लागले. या फिल्मवर पिवळा, किरमिजी आणि निळसर-हिरवा अशा तीन रंगद्रव्यांचे थर असतात. अडचण अशी की हे थर सारख्या वेगानं फिके पडत नाहीत. डबा अंधारात बंद ठेवला तरी निळसर-हिरवा थर आधी विरतो आणि मागे उरतो तो तांबूस-गुलाबी पसारा. जुन्या हिंदी चित्रपटांचे मॅटिनी खेळ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना तो गुलाबी पडदा चांगला आठवत असेल. आकाश गुलाबी, झाडं तपकिरी, नायिकेची पांढरी साडीही गुलाबीच. १९८०मध्ये दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांनी याविरुद्ध जाहीर मोहीम उघडली, चित्रपटसृष्टीतल्या लोकांच्या सह्या गोळा केल्या आणि कोडॅकला जाब विचारला. 'रेजिंग बुल' त्यांनी कृष्णधवल केला त्यामागे ही धास्तीही होती. पुढे कमी फिकी पडणारी फिल्म बाजारात आली, पण तोवर हजारो चित्रपटांच्या प्रिंट गुलाबी होऊन गेल्या होत्या.

'स्टार वॉर्स'च्या बाबतीत नशिबानं हात दिला. टेक्निकलर कंपनीची प्रिंट काढण्याची एक जुनी पद्धत होती. तिच्यात तिन्ही रंगांचे वेगवेगळे साचे तयार करत, प्रत्येक साचा त्या त्या रंगात भिजवत आणि कोऱ्या फिल्मवर एकामागून एक दाबत. साडीवर ठशांनी रंग उठवतात तसाच हा प्रकार. यातली रंगद्रव्यं कमालीची टिकाऊ असतात. पन्नास वर्षांनंतरही लाल तो लाल आणि निळा तो निळाच राहतो. ही पद्धत खर्चीक आणि वेळखाऊ होती. हॉलिवूडमधल्या कारखान्यानं सत्तरच्या दशकाच्या मध्यावरच ती बंद केली. 'द गॉडफादर'चा दुसरा भाग हा तिथे या पद्धतीनं छापलेल्या शेवटच्या चित्रपटांपैकी एक. लंडनचा कारखाना मात्र १९७७मध्ये अजून चालू होता. त्यामुळे ब्रिटनमध्ये 'स्टार वॉर्स'च्या काही प्रिंट या जुन्या पद्धतीनं निघाल्या. पुढच्या साऱ्या खटाटोपाला आधार मिळाला तो या प्रिंटचा.

या आधाराची गरज का पडली, त्याला कारण स्वतः दिग्दर्शक जॉर्ज लुकास. १९९७मध्ये चित्रपटाला वीस वर्षं होताना त्यांनी त्याची 'स्पेशल एडिशन' काढली. त्यात संगणकावर तयार केलेले प्राणी आले, नवे प्रसंग आले, काही जुने शॉट बदलले. त्या वेळी निगेटिव्ह बाहेर काढलं तेव्हा ते वीस वर्षांतच मळलेलं आणि फिकं पडलेलं निघालं. रंग जुळवायला लुकास यांच्या संग्रहातली टेक्निकलर प्रिंट समोर ठेवावी लागली. नव्या आवृत्तीसाठी मूळ निगेटिव्हमध्येच नवे तुकडे जोडले गेले, आणि १९७७चा चित्रपट ज्या रूपात जोडलेला होता ते रूप उरलं नाही. यापुढे हाच खरा चित्रपट, असं लुकास यांचं म्हणणं होतं. २००६मध्ये मूळ आवृत्ती डीव्हीडीवर दिली गेली ती केवळ जोडडिस्क म्हणून, १९९३च्या लेझरडिस्कसाठी केलेल्या धूसर प्रतीवरून.

याच लुकास यांनी मार्च १९८८मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर साक्ष दिली होती. जुन्या कृष्णधवल चित्रपटांना संगणकावर रंग भरून विकण्याचा धंदा त्या वेळी जोरात होता. त्याविरुद्ध बोलताना त्यांनी कलाकृतीत नफ्यासाठी फेरफार करणाऱ्यांना रानटी ठरवलं आणि मूळ निगेटिव्ह हरवतील, बदलले जातील अशी भीती बोलून दाखवली. त्या वर्षी झालेल्या कायद्यातून अमेरिकेची राष्ट्रीय चित्रपट नोंदवही सुरू झाली आणि १९८९च्या पहिल्याच यादीत 'स्टार वॉर्स'चं नाव होतं. लुकास यांचा त्यांच्या निर्मितीवरचा हक्क मान्य करूनही म्हणावं लागतं की त्या साक्षीत त्यांनी मांडलेली बाजू बरोबर होती आणि नंतर त्यांनी केलं ते चूक होतं. नवी आवृत्ती काढायला कुणाचीच हरकत नव्हती. जुनी पुसणं हा अन्याय होता, आणि तो प्रेक्षकांइतकाच १९७७ साली राबलेल्या शेकडो तंत्रज्ञांवरही होता.

चाहत्यांच्या कामाला गाजावाजा मिळवून दिला तो चेक प्रजासत्ताकातल्या 'हार्मी' या टोपणनावाच्या तरुणानं. त्याच्याकडे ना स्टुडिओ होता ना प्रिंट. २०११च्या अधिकृत ब्लू-रेचं चित्र त्यानं पाया म्हणून घेतलं. जिथे जिथे १९९७नंतर बदल झाले तिथे त्यानं जुन्या डीव्हीडीतले, फिल्मच्या स्कॅनमधले, कधी स्थिरचित्रांतले तुकडे बसवले आणि शॉटमागून शॉट रंग दुरुस्त केले. तंत्र तो करता करता शिकला. त्याच्या 'डिस्पेशलाइज्ड एडिशन'मध्ये एकाच फ्रेमचं आकाश एका ठिकाणाहून, जमीन दुसऱ्या ठिकाणाहून आलेली असे, आणि तरीही सांधा दिसत नसे.

पण त्यात एक उणीव होती. पाया ब्लू-रेचा, म्हणून रंगही कितीही ओढूनताणून आणला तरी अंदाजाचाच. ती उणीव भरून काढायला दुसरा गट पुढे आला. 'टीम निगेटिव्ह वन' या नावानं काम करणाऱ्या या मंडळींनी थेट ३५ एमएम प्रिंटच स्कॅन करायचं ठरवलं. २०१६मध्ये त्यांची पहिली आवृत्ती आली. २०१८मध्ये आलेली '४के७७' ही त्याच कामाची पुढची पायरी. तिचा जवळजवळ ९७ टक्के भाग १९७७च्या एकाच टेक्निकलर प्रिंटवरून घेतलेला आहे.

हे काम किती मोठं, याचा हिशेब करून पाहावा. चित्रपटाची लांबी १२१ मिनिटं, सेकंदाला २४ फ्रेम. म्हणजे सुमारे पावणेदोन लाख चित्रं. फिल्मची पट्टी जवळपास ११ हजार फूट. वर्षानुवर्षं चित्रपटगृहांत फिरलेल्या प्रिंटवर ओरखडे असतात, तेलाचे डाग असतात, रीळ बदलण्याच्या खुणा असतात, तुटून पुन्हा जोडलेल्या जागी चार-दोन फ्रेम गायब असतात. त्यासाठी दुसरी प्रिंट लागते. संगणक काही डाग आपोआप ओळखतो, पण चमकणारा तारा आणि धुळीचा कण यांतला फरक त्याला कळत नाही. अंतराळात घडणाऱ्या चित्रपटात ही केवढी डोकेदुखी! तिथे माणसाचे डोळेच लागतात.

डाग निघाले की खरा वाद सुरू होतो, तो रंगांचा. प्रिंट हातात आली म्हणजे मूळ रंग हातात आला, असं होत नाही. प्रिंट ही प्रकाशातून पाहायची वस्तू आहे. १९७७मध्ये काही चित्रपटगृहांत झेनॉन दिवे होते, काही ठिकाणी अजून कार्बन आर्क जळत होते, आणि दोन्हींचा पांढरा सारखा नव्हता. स्कॅनरचा दिवा आणखी वेगळा, घरच्या टीव्हीचा पांढरा त्याहूनही वेगळा. टेक्निकलर प्रिंटमधल्या सावल्या इतक्या दाट असतात की स्कॅनर त्यात अडखळतो. शिवाय एकाच चित्रपटाच्या दोन प्रिंट कधी तंतोतंत जुळत नाहीत. एकाच प्रिंटच्या दोन रिळांतही थोडाफार फरक पडतो. म्हणून यातले नेटके लोक प्रिंट प्रोजेक्टरवर चढवून पडद्यावर पाहतात, तिच्या शेजारी स्कॅन लावतात आणि वाळवंटातली वाळू, रोबोचं सोनेरी अंग, माणसांची त्वचा यांवर नजर ठेवून जुळवाजुळव करतात. एका चाहत्यानं तर फिल्मच्या नमुन्यावरून प्रत्येक शॉटचं रंगसूत्र काढून ते ब्लू-रेला लागू करणारा प्रोग्रॅम लिहिला.

या साऱ्यात सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे आठवण. लहानपणी पाहिलेला चित्रपट मनात जास्त रंगीत होऊन बसतो. प्रिंट समोर आली की कित्येकांची निराशा होते, कारण तिच्यातले रंग आठवणीतल्यापेक्षा सौम्य, कधी थोडे हिरवट, कधी मातकट असतात. ल्यूकच्या जमिनीवरून तरंगत जाणाऱ्या गाडीखाली मूळ चित्रपटात एक तांबूस धब्बा दिसतो. चाकं लपवण्यासाठी लेन्सवर व्हॅसलीन फासलं होतं त्याची ती खूण. १९९७मध्ये तो संगणकानं काढून टाकला. चाहत्यांच्या आवृत्तीत तो पुन्हा आला आहे. सुंदर दिसतो म्हणून तो ठेवलेला नाही, प्रिंटवर आहे म्हणून ठेवलेला आहे. चाहत्यांच्या कामात चांगलं कुठलं आणि हौशी कुठलं, हे पारखायची हीच कसोटी. ज्यांनी आपली आवड बाजूला ठेवून पुरावा मानला त्यांचंच काम टिकलं.

पुरावा नसेल तर काय होतं, ते दुसऱ्या भागाच्या वेळी दिसलं. १९८०चा 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' येईपर्यंत लंडनची जुनी छपाईही संपली होती. त्याच्या प्रिंट साध्या ईस्टमन फिल्मवर निघाल्या आणि लाल पडल्या. बर्फाळ ग्रहावर सुरू होणाऱ्या चित्रपटाची प्रिंट लाल! तिसऱ्या चित्रपटाची, म्हणजे १९८३च्या प्रिंटची स्थिती बरी होती, कारण तोवर कमी फिकी पडणारी फिल्म आली होती. त्यामुळे चाहत्यांच्या हातून तिसरा भाग आधी पुरा झाला आणि दुसरा बरीच वर्षं रखडला. विरलेला थर संगणकावर काही प्रमाणात भरून काढता येतो, पण सावल्यांतला जो तपशील गेला तो गेलाच.

हा वाद एका चित्रपटापुरता नाही. 'द मॅट्रिक्स' १९९९मध्ये लागला तेव्हा त्यात हिरवी झाक होती, पण हलकी. पुढचे दोन भाग आले आणि त्यांच्याशी जुळावं म्हणून नंतरच्या डीव्हीडीत पहिलाही गर्द हिरवा केला गेला. चाहत्यांनी ३५ एमएम प्रिंट स्कॅन करून फरक दाखवला. २०१८मध्ये छायालेखक बिल पोप यांच्या देखरेखीखाली आलेली आवृत्ती पुन्हा मूळच्या जवळ गेली. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पहिल्या भागाच्या २०११च्या ब्लू-रेवर बर्फसुद्धा हिरवट दिसत होतं आणि चाहत्यांनी त्याचेही रंग सुधारले. 'द फ्रेंच कनेक्शन'ची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. २००९मध्ये दिग्दर्शक विल्यम फ्रिडकिन यांनीच त्याचे रंग विटवून नवी ब्लू-रे काढली. त्यावर छायालेखक ओवेन रॉइझमन उघडपणे संतापले. २०१२मध्ये नवी आवृत्ती आली, जुन्या रंगांची. दिग्दर्शक आणि छायालेखक यांचं जमलं नाही, तर प्रेक्षकानं कुणाचं खरं मानायचं? इथेही उत्तर १९७१ची प्रिंटच देऊ शकते.

चाहत्यांचं हे काम कायद्यात बसत नाही, हेही स्वच्छ सांगायला हवं. चित्रपटाचे हक्क दुसऱ्याचे आहेत. चाहत्यांतले जबाबदार लोक दोन नियम पाळतात: पैसे घ्यायचे नाहीत, आणि ज्याच्याकडे अधिकृत प्रत आहे त्यानंच ही पाहावी. कायद्याच्या नजरेत यानं काही बदलत नाही. पण मालकानं जे जपायला हवं होतं ते जपलं नाही, म्हणून ते जपणाऱ्यांना चोरांच्या रांगेत उभं करणं न्यायाचं होणार नाही.

त्यांच्या चिकाटीचा परिणाम झाला असं म्हणायला आता जागा आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे १९७७ची जमा केलेली प्रिंट होती. तिचं स्कॅन झालं आणि आधी वेळ ठरवून ते पाहता येतं. जून २०२५मध्ये लंडनला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं आपल्या शीतगृहात जपलेली मूळ टेक्निकलर प्रिंट प्रेक्षकांना दाखवली. लुकासफिल्मच्या तेव्हाच्या प्रमुख कॅथलीन केनेडी तिथे हजर होत्या. पाठोपाठ चित्रपटाच्या पन्नाशीला, २०२७मध्ये, १९७७चीच आवृत्ती नव्यानं सुधारून चित्रपटगृहांत आणण्याची घोषणा झाली.

आपल्याकडे चाहत्यांची अशी चळवळ उभी राहिलेली नाही. आपल्याकडची हौस बरीचशी जुन्या गाण्यांना संगणकानं भडक रंग चढवण्यात खर्च होते, आणि त्यात मूळ शोधण्याचा प्रयत्न नसतो. गंभीर काम संस्था करत आहेत. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशननं श्याम बेनेगल यांचा १९७६चा 'मंथन' पुन्हा उभा केला आणि २०२४मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. निगेटिव्ह पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेलं होतं. जी मिळेल ती फिल्म वापरून हा चित्रपट काढला होता, त्यामुळे त्याचे रंग जागोजागी वेगळे. ते जुळवताना छायालेखक गोविंद निहलानी यांचं मार्गदर्शन मिळालं, हे भाग्यच. 'शोले'चं मूळ निगेटिव्ह मात्र आम्लानं सडलेलं निघालं. ब्रिटनमधल्या गोदामात सापडलेल्या दुय्यम प्रतीचा आधार घेऊन, मूळ शेवटासह, तो २०२५मध्ये इटलीत बोलोन्याला दाखवला गेला. व्ही. शांताराम यांचा 'झनक झनक पायल बाजे' टेक्निकलरमध्ये होता. रंगांसाठी वेडा झालेल्या त्या माणसानं पडद्यावर काय उधळलं होतं, हे घरच्या टीव्हीवर पाहणाऱ्या पिढीला ठाऊकच नाही.

महाराष्ट्रात गावोगाव टुरिंग टॉकीज फिरल्या, तालुक्यांत एकपडदा चित्रपटगृहं चालली. त्यांतली बहुतेक बंद पडली, पण मालकांच्या माळ्यांवर, वितरकांच्या गोदामांत, निवृत्त ऑपरेटरांच्या घरी रिळांचे डबे अजून असतील. अशा डब्यातून व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर फिल्म सडायला लागली आहे आणि हाताशी वेळ थोडा आहे. तो डबा भंगारवाल्याला देऊ नका, प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नका, रीळ उलगडून पाहू नका. थंड, कोरड्या जागी ठेवा आणि पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. एखाद्या मराठी चित्रपटाचे खरे रंग कदाचित त्याच एका डब्यात उरले असतील.